तेरा वर्षांची नेमबाज आणि तिघांच्या मनातली बंदूक : ब्रेक-बॅरल निवडीचं एक प्रकरण

राधानगरी तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. ऊस, थोडा भात, परड्यात मका, दोन म्हशी. मुलगी तेरा वर्षांची. १ ऑगस्ट २०२४ ला याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार) ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. त्यानंतर आसपासच्या गावांतली बरीच पोरं नेमबाजीच्या शिबिरांना यायला लागली, त्यातलीच ही एक. शिबिरात तिचा हात स्थिर दिसला. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, रविवारी कोल्हापूरला आणा, बाकीचे दिवस घरी सराव होऊ द्या. म्हणजे घरात छर्रे मारायची हवेची बंदूक, एअर रायफल, आली पाहिजे.

वडिलांनी वीस हजार बाजूला काढले होते. पण कुठली बंदूक, यावर घरात एकमत नव्हतं. वडिलांना सगळ्यात 'पॉवरफुल' हवी होती. एकदाच घ्यायची तर पुढे कमी पडायला नको, हा हिशेब. त्यात चूक काही नाही, ट्रॅक्टर घेताना माणूस असाच विचार करतो. धाकट्या काकाला दुर्बीण लावलेली हवी होती. आणि आबांना मक्यात उतरणारी वानरं हाकलायची होती. मुलीला काय हवं हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शिबिरातली होती तसली. मला माझी मला ओढता येत होती ती."

तिघा मोठ्या माणसांपेक्षा तिचं उत्तर जास्त नेमकं होतं. का, ते सांगायला बंदुकीच्या पोटात शिरावं लागेल.

स्प्रिंगवाली बंदूक कशी चालते

ब्रेक-बॅरल म्हणजे नळी बिजागरीवर खाली मोडायची. ती मोडताना आतला दट्ट्या मागे सरकतो, त्याच्यामागची स्प्रिंग दबते आणि दट्ट्या चापाच्या खाचेत अडकून बसतो. नळीच्या मागच्या तोंडात छर्रा बसवायचा, नळी वर करून बंद करायची, झालं. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्यासमोरची हवा एका बारीक भोकातून नळीत कोंबली जाते आणि छर्रा निघतो. गॅस-रॅममध्ये स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू भरलेली बंद नळकांडी असते, बाकी सगळं तेच.

यातून दोन गोष्टी निघतात आणि निवडीचा सगळा प्रश्न त्या दोन गोष्टींवर उभा आहे. पहिली : छर्‍याला मिळणारी सगळी ताकद नेमबाजाच्या हातातून येते. पंप नाही, सिलिंडर नाही. तीही पूर्ण पोचत नाही. स्प्रिंगमध्ये साठलेल्या ऊर्जेतला साधारण एक-तृतीयांश भाग छर्‍याला मिळतो, बाकीचा उष्णता, घर्षण आणि धक्क्यात जातो. दुसरी : दट्ट्या पुढे सुटला की बंदूक मागे सरकते आणि दट्ट्या टोकाला थांबला की ती पुढे झटका खाते. छर्रा नळीतून बाहेर पडतोय तोवर हा मागे-पुढे खेळ सुरू झालेला असतो. म्हणजे नेम धरला तिथून बंदूक हललेली असते, प्रश्न एवढाच की दर वेळी सारखीच हलते का. स्प्रिंग जितकी जबर तितका हा खेळ मोठा आणि तितकं त्याला सारखं ठेवणं अवघड.

म्हणून माझं मत मी या घरच्यांना पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. कागदावर नेम धरायला शिकायचं असेल तर काम भागेल एवढ्या ताकदीची, आणि त्यापेक्षा एक ज्यूलही (ज्यूल हे ऊर्जेचं माप) जास्त नसलेली बंदूक आदर्श. जास्तीचा प्रत्येक ज्यूल मुलीच्या दंडातून वसूल होतो आणि धक्क्याच्या रूपाने तिच्याच नेमात परत येतो.

वडिलांना हे पटलं नाही. त्यांच्या फोनमध्ये एका बंदुकीचा फोटो होता, खाली लिहिलेलं : १००० एफपीएस.

१००० एफपीएस म्हणजे किती?

फूट प्रति सेकंद हा आकडा खोक्यावर ठळक छापतात, कारण तो मोठा दिसतो. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर प्रति सेकंद. पण कुठला छर्रा वापरून, हे खोक्यावर बहुधा नसतंच. शिशाचा नेहमीचा सपाट डोक्याचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या थोडा वर, ०.५३ ग्रॅम धरा. मिश्रधातूचे हलके छर्रे याच्या दोन-तृतीयांश वजनाचेही मिळतात. ०.३२ ग्रॅमचा छर्रा ३०५ मीटरने गेला तर ऊर्जा १५ ज्यूलच्या आसपास. त्याच बंदुकीत ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा घातला आणि ऊर्जा तेवढीच धरली तर वेग २३८ मीटरवर येतो, म्हणजे ७८० फुटांवर. हजाराचा आकडा खोटा नसतो, फक्त तो त्या छर्‍याचा असतो जो कागदावर नेमबाजी करणारा कुणी वापरत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला कायदा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचं भोक (बोअर) ४.५ मिलिमीटरपर्यंत असलेली आणि २० ज्यूलपर्यंतची हवेची बंदूक विनापरवाना घेता येते. दोन्हीपैकी एक जरी हद्द ओलांडली तरी परवाना लागतो. ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला २० ज्यूल म्हणजे २७५ मीटर, ९०० फूट. आता कुणी सांगत असेल की आमची बंदूक शिशाचा जड छर्रा हजार फुटांनी फेकते, तर एक तर तो थाप मारतोय, नाहीतर परवान्याची वस्तू विनापरवाना विकतोय. दोन्हीकडून दुकान बदलावं. बोअरचंही तसंच. ५.५ मिलिमीटरची बंदूक कुणी 'चालतंय, कोण बघतंय' म्हणून पुढे केली तर हात लावायचा नाही.

आणि स्पर्धेत खरं किती लागतं? १० मीटर एअर रायफल १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात. या स्पर्धेतल्या रायफली लाख-लाख रुपयांच्या, दाबाच्या हवेवर चालणाऱ्या असतात आणि त्यांची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास ठेवलेली असते. वेग १७० मीटर प्रति सेकंद, ५६० फुटांच्या घरात. जर्मनीत विनापरवाना हद्दच साडेसात ज्यूलची आहे आणि जगातल्या उत्तम एअर रायफलींपैकी पुष्कळ तिथे बनतात. इंग्लंडमध्ये ही हद्द १२ फूट-पौंड, म्हणजे १६ ज्यूलच्या जरा वर. म्हणून जर्मन कारखाने एकेक मॉडेल दोन ताकदींत काढतात, घरच्या बाजारासाठी नरम, ब्रिटनसाठी कडक. आपल्याकडे विकणारे कडक तेच चांगलं म्हणून सांगतात.

वडिलांनी हे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग स्वप्नीलची?" ती वेगळीच चीज. ५० मीटरची, .२२ इंची नळीची, काडतुसाची रायफल. तिथपर्यंत जायची वाट दहा मीटरवरून जाते, पण घरी आणायची ती वस्तू नव्हे.

आबांचा मुद्दा

तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मका उभा असताना वानरांची टोळी उतरली की तासाभरात वाफे साफ होतात, हे राधानगरी-भुदरगडात कुणालाही सांगावं लागत नाही. पण ४.५ मिलिमीटरचा छर्रा वानराला मारत नाही, जखमी करतो. ते जखम घेऊन आठवडाभर जगतं. शिवाय वानर आणि मोर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मुलीच्या सरावासाठी आणलेल्या बंदुकीतून एक छर्रा तिकडे गेला तर चौकशी वडिलांपर्यंत येणार, कारण बिल त्यांच्या नावाचं. आणि एकदा ती बंदूक 'शेतावरची' झाली की खुंटीवर भरलेली टांगली जाणार, हे घरचं वास्तव. आबांना मी एवढंच म्हटलं की पोरीची बंदूक पोरीची राहू दे. गवे आणि डुकरांनी केलेल्या नुकसानीसाठी वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, तो करा. आणि मक्यावर कुत्री ठेवा. "कुत्रं वानराला भ्येतंय," ते म्हणाले, पण बंदुकीचा हट्ट सोडला.

अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून सरकारने लोकांकडून एअरगन परत घेण्याची मोहीम चालवली आणि दोन हजारांवर बंदुका जमा झाल्या. तिथे त्या पाखरं मारायलाच घरोघरी होत्या. हे आबांना सांगितलं नाही, वादाला धार आली असती.

समोर काय काय होतं

पहिला पर्याय फोटोतला. गॅस-रॅम, दुर्बिणीसकट चार किलोच्या आसपास. गॅस-रॅमचे खरे फायदे आहेत : बराच वेळ ओढून ठेवली तरी स्प्रिंगसारखी थकत नाही, आणि स्प्रिंगचा झणझणाट नसतो. पण वायू गळाला तर ते नळकांडं घरी दुरुस्त होत नाही, सगळंच बदलावं लागतं. स्प्रिंग कुठलाही बरा कारागीर बदलून देतो. आणि धक्का आखूड पण तीक्ष्ण. दुर्बिणीबद्दल काकाला थोडं कडू बोलावं लागलं. ओपन साइटच्या, म्हणजे पुढची माशी मागच्या खाचेत धरून नेम साधायच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. त्यातून स्प्रिंग बंदुकीचा मागे-पुढे असा दुहेरी झटका साध्या दुर्बिणीच्या आतल्या काचा सैल करतो, काडतुसाच्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीण इथे महिन्यात मान टाकते. खेरीज बऱ्याचशा दुर्बिणी शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात, दहा मीटरवर डोळा जरा सरकला की नेम सरकतो.

दुसरा पर्याय फुकटातला. आत्याच्या घरी माळ्यावर एक जुनी देशी बंदूक होती, जर्मन डायना ३५ च्या धर्तीवर बनवलेली. अशा बंदुका जुन्या घरांतून अजून निघतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पोलाद जाड, दस्ता खऱ्या लाकडाचा. पण हिचं चामड्याचं वायसर कडक झालेलं, नळीच्या तोंडाचं वायसर चपटलेलं आणि बिजागरीचा स्क्रू घासून नळी आडवी हलत होती. पहिली दोन दुखणी स्वस्तात बरी होतात. तिसरं मात्र जिवावरचं. ब्रेक-बॅरलमध्ये नेमाची माशी नळीच्या टोकावर असते, खाच पाठीमागच्या अंगावर. दर छर्‍याला नळी मोडायची आणि बंद करायची, आणि ती दर वेळी केसभर वेगळ्या जागी बसली तर दोन्ही साइट एकमेकींशी खोटं बोलायला लागतात. शिवाय ही बंदूक बड्या माणसाच्या मापाची, साडेतीन किलोची.

तिसरा : मधल्या ताकदीची देशी स्प्रिंग रायफल, तेरा-चौदा हजारांची. हल्ली भारतात बऱ्यापैकी नळ्या बनतात, पूर्वीसारखी आयातीकडे डोळे लावायची गरज नाही. चौथा : त्याच दुकानातली हलकी रायफल, जी दुकानदार 'मुलांची' म्हणून मागच्या मांडणीत ठेवतो आणि गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय काढत नाही.

आणि पाचवा, जो घ्यायचा नव्हता पण माप म्हणून डोळ्यासमोर हवा होता : जर्मनीच्या वाइह्राउख कंपनीची एचडब्ल्यू ३० एस. वजन अडीच-पावणेतीन किलो, नळी हलक्या हाताने मोडणारी, साडेसात ज्यूल. तिचा 'रेकॉर्ड' चाप दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात बोट सरकतं, मग एक स्पष्ट भिंत लागते, आणि त्या भिंतीवर जरासा दाब वाढवला की काच तुटावी तसा सुटतो. नवशिक्यासाठी ब्रेक-बॅरल कशी असावी याचं उत्तर मला विचाराल तर तीच. पण आयात होऊन इथे येईपर्यंत ती या घराच्या हिशेबाबाहेर जाते. तिची आठवण एवढ्यासाठीच की दुकानात इतर बंदुका हातात घेताना, ही तिच्या किती जवळ जाते, हे विचारता यावं.

दुकानातली दुपार

आम्ही सोबत सामान तोलायचा हूक असलेला काटा नेला होता. नळीच्या टोकाला दोरीचा फास, त्यात हूक, आणि मोडताना सर्वांत जास्त किती किलो दाखवतो ते बघायचं. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच उत्सुक झाला. गॅस-रॅम वीस किलोच्या आसपास. मधली तेरा-चौदा. हलकी नऊ-दहा. मुलगी गॅस-रॅम दोनदा ओढू शकली, तिसऱ्यांदा दस्ता मांडीवर टेकवून अंगाचा भार द्यायला लागली. हेच धोक्याचं. मोडलेली नळी हातातून निसटून उलटी उसळली तर बोटं चिरडतात, आणि नळी वाकते ती वेगळीच. मधली तिने दहा-बारा वेळा ओढली, पण नंतर हात थरथरत होता. सराव चाळीस छर्‍यांचा असतो. चाळिसाव्या छर्‍याला थरथरणाऱ्या हाताने काय शिकणार? हलकी ती गप्पा मारत ओढत होती.

मग दस्त्याचं माप. मोठ्यांच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत ३६ सेंटीमीटरच्या आसपास असतं. तिच्या हाताला ते जास्त होतं, मान पुढे ताणून खाच शोधावी लागत होती. हलकीचा दस्ता तीन सेंटीमीटर आखूड. गाल आपोआप जागेवर बसला आणि डोळा खाचेच्या रेषेत आला. इथेच निम्मं काम झालं असं मला वाटतं. बंदूक खांद्याला लावून डोळे मिटायचे, आरामात मान टेकवायची आणि डोळे उघडायचे. खाचेत माशी दिसली तर दस्ता मापाचा.

हलकीचे दुकानात दोन नग होते. दोन्ही मागितले. दुकानदार म्हणाला, "एकच मॉडेल आहे हो, फरक काय असणार?" फरक होता. पहिल्या नगाची नळी बंद असताना आडवी ढकलली की बारीकशी कट् वाजायची. दुसऱ्याची नाही. नळी मोडून, स्प्रिंग ओढून, नळी अधांतरी सोडली की दुसऱ्याची जिथल्या तिथे थांबायची, पहिल्याची स्वतःच्या वजनाने खाली यायची. बिजागरी किती घट्ट आहे याचा याहून साधा पुरावा नाही. मॉडेलचं परीक्षण वाचून घेतलं तरी शेवटी विकत घ्यायचा असतो तो एक नग.

छर्रे मारून बघायला दुकानामागे बारा पावलांची गल्ली होती. लाकडी टेबल, त्यावर वाळूची पिशवी. नळीच्या सांध्यावर टिश्यू कागदाची पट्टी ठेवून एक छर्रा मारला, पट्टी हलली नाही, म्हणजे वायसर हवा सोडत नाही. पहिल्या काही छर्‍यांना नवी बंदूक धूर सोडत होती आणि आवाज मोठा करत होती. दुकानदाराने तेवढ्यात तारीफ करून घेतली : "बघा, पॉवर!" ती पॉवर नव्हे, कारखान्याचं तेल दट्ट्यासमोर जळतं. निदान शे-दोनशे छर्रे जाईपर्यंत कुठल्याही नव्या स्प्रिंग बंदुकीचा निकाल लावू नये, आणि धूर बंद झाला म्हणून दट्ट्यापुढे तेल तर अजिबात ओतू नये.

मग पाच छर्‍यांचा गट. म्हणजे एकाच जागी नेम धरून पाच मारायचे आणि भोकं किती पसरतात ते बघायचं. दुकानदाराच्या माणसाने मारला, बंदूक पिशवीवर घट्ट दाबून, दस्ता खांद्यात रोवून. दोन सेंटीमीटरवर पसरला. "लहान मुलांची आहे, एवढंच होणार," तो म्हणाला. त्याच्या हातून काही चुकलं असं नाही, काडतुसाच्या बंदुकीची सवय असलेला माणूस अशीच धरतो. पण स्प्रिंग बंदूक आवळून धरली की तिचा मागे-पुढे खेळ दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडतो. मी मुलीला सांगितलं : डावा तळहात उघडा ठेव, बंदूक त्यावर नुसती ठेव, बोटं मिटू नको, दर वेळी तीच जागा. खांद्याला टेकव, पण दाबू नको. चाप ओढल्यावर बंदुकीला हवं ते करू दे. तिने कोपर पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारले. एका छर्‍याच्या केंद्रापासून दुसऱ्याच्या केंद्रापर्यंत सर्वांत लांबचं अंतर नऊ मिलिमीटर.

नऊ मिलिमीटर पुरेसं आहे का? दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे, नऊचं वर्तुळ साडेपाचचं, काळा भाग साडेतीस मिलिमीटरचा. पण छर्‍याची कड वर्तुळाला शिवली तरी तो गुण मिळतो आणि छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा. हिशेब केला तर छर्‍याचं केंद्र मध्यापासून पाच मिलिमीटरच्या आत पडलं की नऊ नक्की, अडीचच्या आत पडलं की दहा. म्हणजे दहा मिलिमीटरचा गट मध्यावर आणला तर एकही छर्रा नऊच्या खाली जात नाही. बंदूक एवढं देत असेल तर पुढची दोन वर्षं जे गुण जातील ते मुलीचे, बंदुकीचे नव्हेत. ओपन साइटवर उभ्याने मारताना तिचा स्वतःचा गट याच्या चौपट असणार होता.

काय घेतलं, काय सोडलं

दुसरा नग, साडेनऊ हजारांना. तिच्यात दोष नव्हते असं नाही. चाप लांब घसरायचा आणि जड होता, रेकॉर्डच्या जवळपासही नाही. मागची खाच प्लॅस्टिकच्या बैठकीत होती, तिला थोडी आडवी ढिलाई. मधल्या ताकदीच्या रायफलीत या दोन्ही गोष्टी बऱ्या होत्या आणि खरं सांगायचं तर मी तिथे जरा अडलो. जड चाप मुलाला झटका मारायची सवय लावतो आणि ती सवय नंतर काढणं कठीण. पण चापाचा टप्पा थोडाफार कमी करता येतो, खाचेची बैठक बदलता येते. नळी मोडायचे चौदा किलो दहा करता येत नाहीत, निदान स्प्रिंगला हात लावल्याशिवाय नाही, आणि नव्या बंदुकीचं पोट कुणी फाडू नये. तेरा वर्षांच्या हातासाठी ताण आणि माप आधी, चाप नंतर. हीच मुलगी सोळाची असती तर मी मधली घ्यायला सांगितली असती.

राहिलेल्या पैशांचं काय, हा प्रश्न वडिलांना पडला होता. 'स्वस्तातली घेतली' असं त्यांना वाटू नये म्हणून यादी करून दिली. सपाट डोक्याच्या छर्‍यांचे तीन वेगवेगळे डबे, कारण नळीला कुठला छर्रा मानवतो हे नळीच ठरवते. सपाट डोक्याचा छर्रा कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतो, गुण वाचता येतात. डोळ्यांना पारदर्शक चष्मे, मुलीला आणि शेजारी उभ्या राहणाऱ्यालाही. मागे तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा, पुढे जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून भरलेली लाकडी पेटी, म्हणजे छर्रे उडून परत येत नाहीत आणि शिसं एका जागी राहतं. सरावानंतर साबणाने हात, मगच चहा. बाकीचे पैसे रविवारच्या एसटीला.

गोठ्याच्या लांब भिंतीलगत दहा मीटर बरोबर निघाले. शेवटच्या टोकाला दगडी भिंत, येण्याजाण्याचं दार नेमबाजाच्या पाठीमागे. हलक्या बंदुकीचा आणखी एक फायदा तिथे कळला, म्हशी बुजल्या नाहीत.

घरचे नियम मी वडिलांकडूनच वहीत लिहून घेतले. छर्रा भरताना एक हात नळीवरून सुटता कामा नये. रिकामी बंदूक चालवायची नाही, छर्रा नसला की दट्ट्या हवेच्या गादीशिवाय टोकाला आदळतो आणि वायसर-स्प्रिंग दोन्ही जातात. ओढून ठेवून जेवायला जायचं नाही. नळी एका हाताने फटकन मिटायची नाही, सिनेमात दाखवतात तशी. मोठं माणूस जवळ नसेल तर कपाटाला कुलूप, आणि किल्ली आबांकडे नाही.

तीन महिन्यांनी बघायला गेलो तेव्हा उभ्याने मारलेला तिचा गट चहाच्या बशीएवढा होता, सुरुवातीला तो परातीएवढा असायचा. बिजागरीचा स्क्रू पाव फेरा सैल झाला होता, तो आवळला. दस्त्याचे दोन्ही स्क्रूही ढिले होते. स्प्रिंग बंदुकीत हे होतंच, धक्का सगळं हळूहळू सोडवत जातो, म्हणून पंधरवड्याला एकदा स्क्रूड्रायव्हर फिरवावा. तीन डब्यांपैकी सर्वांत महागड्या छर्‍यांचा गट सर्वांत वाईट येत होता, मधल्या किमतीचे तिने ठरवले होते. खाचेखाली वडिलांनी सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी बसवून ढिलाई काढली होती, आणि ती युक्ती चांगली होती.

चाप अजून जडच आहे. शिकवणाऱ्यांचं म्हणणं, वर्षभरात ती पीप साइटकडे (खाचेऐवजी बारीक भोकातून नेम धरायची साइट) वळेल आणि तेव्हा क्लबची दाबाच्या हवेची रायफल वापरेल, तोवर यावर बोट सरळ मागे न्यायला शिकू दे. काकाने मधल्या काळात दुर्बिणीचा विषय पुन्हा एकदा काढला होता. मुलीनेच त्याला सांगितलं की मग तुझ्यासाठी वेगळी बंदूक घे.